पाड्यावरचे एकटे गुरुजी

मुंबईच्या नळाला पाणी कुठून येते, हे तिथल्या शाळेतले मूल परीक्षेपुरते का होईना, पाठ करते. तानसा, वैतरणा, भातसा ही नावे त्याच्या तोंडी असतात. त्यातला तानसा १८९२ सालचा, इंग्रजी अमदानीतला. आणि आज शहराला मिळणाऱ्या पाण्यातले जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे. हे दोन्ही जलाशय ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातले. शेजारचा मुरबाड तालुका शहरवासीयांना माळशेजच्या धबधब्यांमुळे आणि म्हशाच्या यात्रेमुळे ठाऊक असतो. आषाढ-श्रावणात शनिवारी-रविवारी या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते. त्याच रस्त्यांवरून दोन-तीन किलोमीटर आत वळले की पाड्यावर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा लागते. तिथे मुलांना वाचायला कसे शिकवतात, शिकवणाऱ्याला कोण शिकवते, हे प्रश्न मात्र आपल्यापैकी फारसे कुणाला पडत नाहीत.

ते पडावेत, असे दिवस आले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारता येतील का, याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्याजवळचे पानशेत इथले प्रयोग नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आले. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक असल्याचे तेव्हा सांगितले गेले. त्याआधी २०१७ च्या अखेरीस, दहाच्या आत पट असलेल्या तेराशेंहून अधिक शाळांतील मुलांना जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय झाला होता. कागदावर हिशेब चोख आहे. बारा मुले, दोन शिक्षक, एक इमारत; यापेक्षा पाच पाड्यांची मुले गाडीत घालून एका मोठ्या शाळेत आणली, तर खर्चही वाचेल आणि मुलांना सवंगडीही मिळतील.

मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे हा हिशेब मला परका नाही. तोट्यातली शाखा बंद करावी की चालू ठेवावी, यावर मी अनेक बैठका ऐकल्या आहेत. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले नसते, तर आडगावांत बँकेची पाटी इतक्या लवकर लागली नसती. त्या शाखांचा नफा बघायचा तर कित्येकींना पहिल्याच वर्षी कुलूप लागले असते. शाखा तिथे कशासाठी उघडली, हे विसरले की ताळेबंद खोटे बोलू लागतो. शाळेचेही तसेच आहे.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात माझी बदली मुरबाड तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर बायकांची गर्दी होई. पासबुक पुढे सरकवून त्या विचारत, “बाय, माजं किती हायेत बग.” मी आकडा सांगे. तो ऐकून मान डोलवत आणि पासबुक पुन्हा फडक्यात गुंडाळत. मी सांगेन तेवढीच त्यांची शिल्लक. निरक्षरता म्हणजे काय, हे मला कोणत्याही अहवालापेक्षा त्या काउंटरवर नीट समजले. ती केवळ अक्षरांची ओळख नसणे नव्हे. स्वतःच्या पैशाबद्दलही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहणे, ही ती. पाड्यावरच्या शाळेत काय पणाला लागले आहे, ते एवढ्यावरून कळावे.

चार इयत्ता, एक खोली

निवृत्तीनंतर मी या दोन तालुक्यांत पुष्कळदा जाते. गेल्या काही वर्षांत निमित्त मिळेल तशी तिथल्या शाळांत बसते. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मी गेले, त्या दिवशी सतरा मुले हजर होती, इयत्ता पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. इथेही दोन होते, पण बाई कसलीशी माहिती भरून द्यायला तालुक्याला गेल्या होत्या. गुरुजी एकटेच.

त्यांनी काय केले, ते सांगण्यासारखे आहे. इयत्ता बाजूला ठेवून त्यांनी मुलांचे तीन गट केले. अक्षरे ओळखू लागलेली मुले एकीकडे, शब्द जोडणारी दुसरीकडे, सलग वाचणारी तिसरीकडे. चौथीतला एक मुलगा अक्षरांच्या गटात बसला होता. त्याचे कुणाला नवल नव्हते आणि त्यालाही लाज नव्हती. वाचणाऱ्या मुलांना गोष्टीची पुस्तके देऊन ओटीवर बसवले. मधल्या गटाला शब्दपट्ट्या दिल्या. गुरुजी स्वतः बसले अक्षरांच्या गटात, जमिनीवर. वीस मिनिटांनी ते उठले आणि दुसऱ्या गटात गेले. तोवर वाचणाऱ्यांपैकी एक मुलगी धाकट्यांपाशी येऊन बसली होती. दुपारपर्यंत हे असेच चालले. मध्ये खिचडी झाली.

याला शिक्षणाच्या भाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात. डोंगरातल्या शिक्षकाचे ते रोजचे कसब आहे. मात्र आपली पाठ्यपुस्तके इयत्तेनुसार, वेळापत्रक तासानुसार आणि बहुतेक प्रशिक्षणे ‘एक वर्ग, एक शिक्षक’ असे गृहीत धरून आखलेली. त्यामुळे पाड्यावरच्या गुरुजींना मिळालेले शिक्षण आणि त्यांच्यापुढे बसलेली शाळा यांची गाठ क्वचितच पडते. हे गट पाडण्याचे तंत्र कुठे शिकलात, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “शिकलो कसला मॅडम, पहिली दोन वर्षं नुसता दमलो. मग सुचत गेलं.”

ती पहिली दोन वर्षे कुणाची गेली? गुरुजींची गेलीच, पण तेव्हा पहिली-दुसरीत असलेल्या मुलांचीही गेली. पाच-सहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या पाड्यावर एखादा अनुभवी शिक्षक हेच उत्तम करत असेल, पण या दोघांची ओळख बैठकीपुरती, तीही टपाल देण्याघेण्यापुरती.

पुस्तक पुण्याचे, मूल पाड्याचे

या शाळांतली भाषा हा स्वतंत्र विषय आहे. गुरुजी पुष्कळदा घाटावरचे, मुले कातकरी, ठाकूर, वारली किंवा महादेव कोळी, आणि पुस्तक पुण्यात तयार झालेले. तिघांची मराठी वेगळी. पहिलीतले मूल गप्प बसले म्हणजे ते मठ्ठ, असा समज करून घेणे फार सोपे असते. त्याला उत्तर येत असते, पण ते ज्या शब्दांत येते, ते शब्द शाळेत चालतात की नाही, याची त्याला खात्री नसते. जे शिक्षक मुलांचे शब्द वहीत टिपून ठेवतात आणि पहिल्या सहा महिन्यांत ते वर्गात मोकळेपणी वापरतात, त्यांच्या वर्गात आवाज असतो. ही अगदी साधी युक्ती आहे.

आशयाचेही तसेच. या मुलांना राब कसा भाजतात, आवण कधी उपटायचे, पहिल्या पावसाआधी शेवळे जंगलात कुठे उगवतात आणि ती खाजू नयेत म्हणून कशी शिजवायची, हे सारे ठाऊक असते. लावणीच्या वेळी रोपांच्या जुड्या त्यांनीच बांधलेल्या असतात. एका बाईंनी दशक शिकवायला त्या जुड्याच घेतल्या: दहा काड्यांची एक जुडी, अशा तीन जुड्या आणि सुट्या चार काड्या म्हणजे चौतीस. मला आमची कॅश केबिन आठवली. शंभर नोटांचे एक पाकीट, दहा पाकिटांचे एक बंडल. नवा कॅशियर पहिल्या आठवड्यात जे हाताने शिकतो, तेच हे. स्थानिक किंमत हा शब्द पुस्तकात छापण्याआधी ती बोटांना कळायला हवी.

२०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते वाचकांना आठवत असेल. एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असेही संख्यावाचन पुस्तकात आले होते. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. शहरांतल्या दिवाणखान्यांत मराठीच्या भवितव्याची चिंता झाली, विनोद झाले. पण पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्या मुलाला ‘चौतीस’ ऐकताना आधी चार ऐकू येतात आणि लिहिताना आधी तीन लिहावे लागतात. ‘एकोणसाठ’मध्ये तर ना पाच ऐकू येतात, ना नऊ. हा अडथळा ज्यांनी वर्गात बसून पाहिला आहे, त्यांना त्या सूचनेमागचा कळवळा समजला. चर्चेत सर्वांत कमी ऐकू आला तो पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांचा आवाज. अभ्यासक्रम सुधारण्याच्या आपल्या रीतीत हीच मोठी उणीव आहे.

खरे तर याच बाबतीत जुन्या ठाणे जिल्ह्याची पुण्याई मोठी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, त्यापूर्वी बोर्डी आणि कोसबाड हे ठाणे जिल्ह्यातच होते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघांनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, निष्ठेने चालवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. खडे, शिंपले, पाने, बिया हीच शैक्षणिक साधने. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा धडा जगाला देणारा आपला जिल्हा. आज त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आपण सहा वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून शाळेकडे नेण्याची भाषा करतो आहोत. पावसाळ्यात ओहोळ भरला की ती गाडी पाड्यापर्यंत कशी यायची, हे प्रस्तावात कुठे लिहायचे?

शिवाय दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पाड्यावरचे गुरुजी घरोघर हिंडून आजी-आजोबांपाशी मुले ठेवून घेतात. ते त्या घरातल्या माणसांना नावानिशी ओळखतात, म्हणून ते जमते. दूरच्या मोठ्या शाळेच्या हजेरीपटावर ते मूल केवळ गैरहजर लागेल.

परिपत्रक वरून, शहाणपण खालून

शिक्षकांना शिकवण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे कुणी म्हणू नये. १९९० च्या दशकात किमान अध्ययन क्षमता आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘स्मार्ट पीटी’ हे राज्यव्यापी प्रशिक्षण. नंतर सर्व शिक्षा अभियान. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यापाठोपाठ ज्ञानरचनावाद. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०२१ मध्ये निपुण भारत. प्रत्येक योजनेत काही ना काही चांगले होते. पण बहुतेकींची वाट एकच: राज्यपातळीवर काही जण शिकणार, ते जिल्ह्याला शिकवणार, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयातून निघालेले आमचे परिपत्रक विभागीय कार्यालयातून शाखेत येईतो त्यातला हेतू गळून फक्त फॉर्म उरलेला असे. तेच इथे होते. आम्हालाही बँकेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात आठवडाभर उत्तम व्याख्याने मिळत. सोमवारी शाखेत परतले की काउंटरवर तीच रांग. शिकलेले वापरून पाहताना शेजारी कुणी उभे असेल, तरच ते अंगी लागते.

या अवघड परिस्थितीतही एकेकट्या शिक्षकांनी काय करून दाखवले, त्याची उदाहरणे याच दोन तालुक्यांत आहेत. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याचे संदीप गुंड यांनी आपल्या छोट्या शाळेत संगणक, पडदा आणि कमी खर्चात स्वतः जुळवलेला स्पर्शफळा आणला आणि विजेच्या प्रश्नावर सौरऊर्जेचा तोडगा काढला. ‘डिजिटल शाळा’ हा शब्द राज्यभर रुळला, त्यात या पाड्याचा वाटा मोठा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात तिथले जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. पोथी आपल्याला वाचता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. बँकेत अंगठा उठवण्याऐवजी सही करता आली, याचा त्यांना झालेला आनंद मी बातम्यांत वाचला, तेव्हा माझ्या काउंटरवरचे फडके माझ्या डोळ्यांपुढे आले. ज्या शाळेचे गुरुजी नातवंडांबरोबर आजीलाही शिकवतात, ती शाळा गावाची होते; तिचा पट वीसच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न मग गावाला विचारावा लागतो.

तरीही माझ्यातला बँक अधिकारी इथे एक शंका काढतो. एका माणसाच्या उमेदीवर उभे राहिलेले काम त्या माणसाच्या बदलीनंतर किती टिकते? यंत्रांबाबत तर ही शंका जास्तच. मुरबाडमधलेच धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून गाजले. दुकानांत कार्डाची यंत्रे बसली. वर्षभरात पुष्कळसा व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्या छापून आल्या. यंत्र एका दिवसात बसते, सवय बसायला पाठीशी माणसे लागतात. पडद्याचे, टॅबचे तेच. काही शाळांत मी हे सामान कपाटात कुलूपबंद पाहिले आहे. आणणारे गुरुजी गेले, मागून आलेल्यांना ते कसे वापरायचे, हे कुणी दाखवले नव्हते.

बँकेत बदली झाली की ‘चार्ज’ द्यावा लागतो. किल्ल्या, कॅश, दस्तऐवज, आणि त्याबरोबर थकलेल्या कर्जदारांची यादी: कोण खरोखर अडचणीत आहे, कोण नुसता टाळतो आहे. शाळेतही चार्ज देतात. त्या यादीत ताटे, वाट्या, तांदळाची पोती, खुर्च्या, रजिस्टरे सारे असते. दुसरीतली अमुक मुलगी जोडाक्षरापाशी अडते, तमुक मुलाला हातच्याची बेरीज येते पण लिहिता येत नाही, फलाण्याचे आईबाप होळीनंतर परततात, हे त्या यादीत नसते. नवे गुरुजी येतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. पोत्यांचा हिशेब जपणाऱ्या खात्याने ही दोन पाने अनिवार्य केली, तर त्याला रुपयाचाही खर्च नाही.

आधी शिक्षक एकत्र

माझे म्हणणे एवढेच की, छोटी शाळा हा दोष नव्हे. सतरा मुलांत गुरुजींना प्रत्येकाचे वाचन रोज ऐकता येते. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गाला हे भाग्य नाही. दोष आहे तो शिक्षकाच्या एकटेपणात. मग मुलांना एकत्र आणण्याआधी शिक्षकांना एकत्र का आणू नये?

त्याची चौकट आपल्याकडे तयार आहे. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख आणि दर महिन्याला शिक्षण परिषद ही व्यवस्था १९९० च्या दशकापासून चालत आली आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एका-दोघा शिक्षकांवर न थांबता बीटमधल्या सगळ्याच शाळा सोबत घेतल्या, म्हणून राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. शहापूरच्या शेजारी वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून अशाच विचाराने काम करते: शिक्षकाला बोलावून भाषण देण्यापेक्षा त्याच्या वर्गात जाऊन त्याच्याबरोबर काम करावे.

मुरबाडमधल्या एका केंद्राची परिषद मी पाहिली. पहिला दीड तास माहितीच्या तक्त्यांत आणि तारखांत गेला. जेवणानंतर एका तरुण शिक्षिकेने भीतभीत विचारले, “माझ्या वर्गातली तीन मुलं ‘घ’ आणि ‘ध’ यांत अजून गोंधळतात, काय करू?” आणि खोलीचा नूरच पालटला. चौघांनी चार उपाय सांगितले, एकाने फळ्यावर करून दाखवले. निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, “पोरी, पुढच्या शनिवारी माझ्या शाळेत ये, बघ आणि मग ठरव.” शिक्षक-प्रशिक्षण म्हणतात ते हेच, ते अर्धा तास चालले आणि कुठल्याच अहवालात नोंदले गेले नाही.

तो अर्धा तास दोन तासांचा व्हावा. महिन्यातून एक दिवस शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावे आणि त्या दिवशी त्याची शाळा सांभाळायला केंद्रात एक जादा शिक्षक असावा. केंद्रप्रमुखाच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि त्याला कागदांतून सोडवून वर्गांत पाठवावे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे कायदाच सांगतो, तो पाळावा. केंद्रातल्या पाच पाड्यांची मुले महिन्यातून एकदा खेळायला, नाटुकली करायला एकत्र यावीत, म्हणजे सवंगड्यांचा प्रश्नही सुटेल आणि संध्याकाळी ती आपापल्या घरी असतील. यांतली एकही गोष्ट नवी योजना, नवे नाव किंवा नवे बोधचिन्ह मागत नाही.

एवढे करून पाहिल्यावरही एखादी शाळा चालत नसेल, तर ती बंद करण्याचा विचार जरूर करावा. गावाशी बोलून, पावसाळ्यात त्या वाटेने एकदा चालून. पण केवळ पटाचा आकडा पाहून कुलूप लावू नये. तो आकडा एका ओळीत मावतो. त्या सतरा मुलांतले कोण कुठल्या अक्षरापाशी अडले आहे, हे मात्र आज एकट्या गुरुजींनाच माहीत आहे. ते आणखी चार जणांना माहीत व्हावे, इतकीच सोय आपल्याला करायची आहे.